वाळली नाही म्हणून

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक ओसरले, की ओक्वुदिली आपल्या बायकोला पोती तोलायच्या काट्यावर उभी करीत असे. तेलताडाच्या बियांचा त्याचा व्यापार होता. उमुओकाराच्या बाजारात त्याच्या काट्याइतका खरा काटा दुसरा नव्हता आणि याचा त्याला फार अभिमान होता. इहुओमा चपला काढून लोखंडी फळीवर चढली, की तो दांडीवरचे सरकते वजन बोटाने हळूहळू पुढे ढकलायचा. दांडी थरथरायची, वर जायची, खाली यायची आणि अखेर आडवी होऊन स्थिर व्हायची. तेवढा वेळ तो श्वास रोखून धरायचा.

"त्र्याण्णव!" त्या शनिवारी तो ओरडला. "ऐका हो बाजारकऱ्यांनो! त्र्याण्णव किलो, आणि सगळा माल एक नंबर!"

शेजारची मिरचीवाली हात नाचवत म्हणाली, "एवढी बाई पोसतोस, एक दिवस कोठार रिकामं होईल तुझं!"

"मी कुठं पोसतो? मागच्या पावसाळ्यात माझा ट्रक रुतला होता, तो मागून कुणी ढकलला ते विचार की."

इहुओमा हसत फळीवरून उतरली. "ते राहू द्या. उगोचे बाबा, गोळी घेतली का?"

"घेतो."

"घेतो नाही. आत्ता घ्या, माझ्यासमोर."

"अगं, लोक बघतात. रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या व्यापाऱ्याकडे माल कोण आणून टाकेल?" असे म्हणत त्याने गोळी तोंडाकडे नेल्यासारखी केली.

पोत्यावर बसून पाय हलवणारी सहा वर्षांची उगो ओरडली, "बाबांनी गोळी टोपीत ठेवली! मी बघितली!"

ओक्वुदिलीने लेकीला उचलून खांद्यावर टाकले आणि तिच्या किंकाळ्यांत ती गोष्ट बुडून गेली. कोपऱ्यात बिया फोडत बसलेल्या त्याच्या आईनेही ती गोळी टोपीत जाताना पाहिली होती. ती काही बोलली नाही. बोलणे तिने फार वर्षांपूर्वीच कमी केले होते.

इहुओमा भारोत्तोलक होती. आफ्रिका खंडाच्या अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांच्या सर्वांत जड गटासाठी तिची निवड झाली होती आणि स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. त्या गटाला वरची मर्यादा नसते. खालची मात्र काटेकोर असते: सत्त्याऐंशी किलोंहून एक कणभर तरी अधिक हवे. गटातल्या इतर बायांपुढे इहुओमा लहानखुरीच होती. म्हणूनच तिच्या ताटातल्या कसाव्याच्या पिठाच्या गोळ्यावर आणि कालवणातल्या माशावर ओक्वुदिलीचे बारीक लक्ष असे.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी तो झोपेतून उठला नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असे डॉक्टरांनी सांगितले. अंगणात जमलेल्या बायकांनी ते ऐकले, माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी एकदम इहुओमाच्या दंडांकडे पाहिले.

दफनविधी रीतसर झाला. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हटली, बैलाच्या मांसाचा आपला वाटा घेतला आणि माहेरवाशिणींचे काम सुरू होण्याआधी ते निघून गेले. या माहेरवाशिणींना तिथे उमुआडा म्हणतात: घराण्यात जन्मलेल्या आणि लग्न करून परगावी गेलेल्या मुली. भावाच्या लग्नात नाचतात त्या, भावाभावांची भांडणे मिटवतात त्या, आणि भाऊ मेला की त्याच्या बायकोला जमिनीवर बसवतात त्याही त्याच. त्यांच्या शब्दापुढे गावच्या पुरुषांचेही काही चालत नसे. थोरलेपणाचा मान अदा म्बाफो यांचा होता. अदा म्हणजे घराण्यातली थोरली लेक; त्या ओक्वुदिलीच्या आत्या.

त्यांनी पाणी न लावता पात्याने इहुओमाचे डोके भादरले. काळे लुगडे दिले. मागच्या खोलीत चटई टाकली आणि नियम सांगितले. सात बाजार होईपर्यंत खोलीबाहेर यायचे नाही. चार दिवसांनी एक बाजार, म्हणजे हा जवळजवळ एक महिना झाला. आपल्या हाताने आपल्या अंगाला स्पर्श करायचा नाही, खाज सुटली तर काडीने खाजवायचे. आंघोळ नाही. दिवसातून एकदा, फुटक्या बशीत मिळेल तेवढे खायचे. पहाट झाली की मोठ्याने रडायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतके.

खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी दारूची एक जुनी बाटली आणून ठेवली. तिच्यात गढूळ पाणी होते. ओक्वुदिलीचे प्रेत धुतलेले पाणी.

"हे कशाला ते तुला ठाऊक आहे," अदा म्बाफो म्हणाल्या. "संशय राहिलाच, तर शेवटी हे प्यायचं. तू निर्दोष असलीस तर तुला काही होणार नाही."

"संशय कसला, अदा? त्यांना रक्तदाब होता. दवाखान्यात सांगितलंय सगळ्यांसमोर."

"रक्तदाब माझ्या नवऱ्यालाही आहे. तो जिवंत आहे. कारण मी तुझ्यासारखी म्हैस नाही."

बायका हसल्या. शोकाच्या घरात, भाऊ पुरून अजून माती सुकली नव्हती, तेव्हा त्या हसल्या.

"झोपेत हात टाकला असेल त्याच्या छातीवर," दुसरी म्हणाली. "गुदमरला बिचारा. बोलणार कुणाला?"

"बघा ना, डोळ्यांत पाणी आहे, पण गालावरचं मांस हललेलं नाही. खरं दुःख झालं तर बाई वाळते. ही वाळेल तेव्हा मानू."

इहुओमा चटईवर बसून राहिली. ज्या माणसाने भर बाजारात तिचे वजन अभिमानाने ओरडून सांगितले, त्याच माणसाला मारल्याचा पुरावा म्हणून आता ते वजन तिच्यावर रोखले गेले होते.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी कोच एबिएरे आली. ती नदीमुखाकडच्या इजॉ जमातीची बाई, आवाजाने खणखणीत. माहेरवाशिणींनी तिला अंगणाच्या फाटकातच अडवले. खोलीत बसलेल्या इहुओमाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"सात बाजार तिला बसवा, मी हरकत घेणार कोण? पण त्यानंतर बाराव्या दिवशी स्पर्धा आहे. तिला पोटभर खायला द्या, एवढंच मागते. सत्त्याऐंशीच्या खाली गेली तर तिला त्या गटात उभं करणार नाहीत, आणि खालच्या गटात आपली दुसरी मुलगी आहे. सहा वर्षं घालवलीत तिनं या एका दिवसासाठी."

"म्हणजे नवरा मेला तरी हिनं जाडच राहायचं," अदा म्बाफो म्हणाल्या, "असं म्हणायला आलात तुम्ही?"

"बाई, या राज्यात या प्रकाराविरुद्ध कायदा आहे."

"कायदा डांबरी रस्त्यापर्यंत. फाटकाच्या आत आम्ही. तुमच्याकडे मासे धरतात, तिकडे शिकवा कायदा."

तेव्हा उझोमा पुढे झाली. ती माहेरवाशिणींत सर्वांत धाकटी, ओक्वुदिलीची सख्खी बहीण, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी. इहुओमाच्या मनात क्षणभर आशा उभी राहिली.

"अदा, भांडायचं कशाला?" उझोमा म्हणाली. "नुसत्या डोळ्यांवर विसंबलं की माणसं वाद घालतात. दादाचा काटा आहे ना दुकानात? त्र्याण्णव होती, सगळ्या बाजारानं ऐकलंय. सातव्या बाजारी अंगणात सगळ्यांसमोर तोलू. वाळली असेल तर सुटली, मुलीला घेऊन कुठं जायचं तिथं जाऊ दे. नसेल वाळली, तर बाटली आहेच. आणि प्यायला नाही म्हणाली तर उगो आमच्याकडे राहील."

सगळ्यांनी तिचे कौतुक केले. शिकलेल्या माणसाचे डोके वेगळेच चालते, असे अदा म्बाफोही म्हणाल्या. खरेच आहे. त्या शिक्षणाने उझोमाला दांडी वाचायला शिकवले होते. काय तोलायचे आणि काय तोलायचे नाही, हे तिला कोणत्याही वर्गात कुणी शिकवले नव्हते. आणि ज्या शाळेत ती उद्याच्या मुली घडवत होती, तिथे तिला हे कुणी विचारणारही नव्हते.

त्या दिवसापासून इहुओमापुढे दोन काटे मांडलेले होते. अंगणातल्या काट्यावर ती हलकी भरली तर निर्दोष ठरणार होती आणि स्पर्धेतून बाद होणार होती. स्पर्धेच्या काट्याला पुरेल एवढी जड राहिली, तर गुन्हेगार ठरून लेकीला मुकणार होती.

बशी रोज सासू आणून ठेवायची. चटईच्या टोकाशी ठेवायची, इहुओमाकडे न बघता मागे वळायची. बशीत उकडलेल्या कंदाचे चार तुकडे आणि वर थोडे मीठ असे. चौथ्या बाजाराच्या सुमारास इहुओमाच्या बोटांना कंदाखाली काहीतरी लागले. सुक्या माशाचा चांगला जाड तुकडा होता, ताडतेलात परतलेला. तिने दाराकडे पाहिले. पहाऱ्याला बसवलेली माहेरवाशीण तपकीर ओढत पाठमोरी बसली होती. इहुओमाने तो तुकडा पुन्हा कंदाखाली दडवला आणि कितीतरी वेळ बशीकडे बघत राहिली. खाल्ला तर वाळणार नाही. वाळली नाही तर उगो.

पण मग तिला वाटले, मी वाळून दाखवले तर याचा अर्थ काय? मी मारले नाही, हे माझ्या हाडांनी सांगायचे, तर उद्या दुसऱ्या एखाद्या हडकुळ्या पोरीने काय दाखवायचे? तिने मासा काट्यांसकट चावून खाल्ला. दुसऱ्या दिवशी कंदाखाली अंडे होते. दुपारी पहारेकरीण पेंगली, की इहुओमा भिंतीला पाठ लावून हळूहळू बसू लागली, उठू लागली, मांड्या पेटेपर्यंत. अंडे कोण ठेवते हे तिने विचारले नाही. स्वयंपाकघर बघणारी धाकटी जाऊ असेल, असा तिने अंदाज बांधला.

सातव्या बाजारी सकाळीच दोन गड्यांनी दुकानातला काटा कण्हत-कुंथत आणून अंगणात ठेवला. माहेरवाशिणी पांढरी लुगडी नेसून बाकांवर बसल्या होत्या. कुंपणाबाहेर गाव जमले होते. उगोचा हात उझोमाच्या हातात होता. इहुओमाने एका महिन्यानंतर ऊन पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. कोणीतरी म्हणाले, "आता रडतेय."

ती फळीवर चढली. थंड लोखंड ओळखीचे होते. उझोमाने एका हाताने सरकते वजन पुढे ढकलले, दांडी थरथरली, वर गेली, खाली आली. आडवी झाली. या वेळी श्वास रोखून धरणारे सगळे गाव होते.

"अठ्ठ्याऐंशी," उझोमा म्हणाली. तिने पुन्हा पाहिले. "अठ्ठ्याऐंशी."

अदा म्बाफो उठल्या. "त्र्याण्णवातून अठ्ठ्याऐंशी गेले, उरले किती?" त्यांनी कुंपणाकडे हात केला. "पाच! ऐका! आमचा अख्खा भाऊ गेला, आणि हिच्या अंगातून गेले पाच किलो! साध्या हिवतापात याहून जास्त जातं!"

"कुणीतरी चोरून खायला घातलंय," एक माहेरवाशीण म्हणाली. "मी पहारा करत होते. नुसत्या कंदावर इतकं वजन राहत नाही."

"कोणी घातलं?" अदा म्बाफोंनी अंगणभर नजर फिरवली. "बोला. घराण्याच्या तोंडाला काळं कोणी फासलं?"

"मी," सासू म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला बियांचे टरफल चिकटलेले. तिचा आवाज इतका क्वचित ऐकू यायचा, की आधी कुणाला कळलेच नाही की कोण बोलले.

"मी घातलं. मासा घातला, अंडं घातलं. आणखी घालता आलं असतं तर घातलं असतं."

"ओक्वुदिलीच्या आई, तुम्ही? तुमचा मुलगा खाल्ला हिनं!"

"माझा मुलगा गोळी टोपीत ठेवायचा. मी रोज बघायचे. ही रोज त्याच्या मागे लागायची. मी गप्प बसले, कारण मला या अंगणात गप्प बसायला शिकवलं होतं." म्हातारी अदा म्बाफोंच्या समोर येऊन उभी राहिली. "कोणी शिकवलं, म्बाफो? माझा नवरा गेला, म्हणजे तुझा भाऊ, तेव्हा बाटली कुणाच्या हातात होती?"

"रीत होती ती."

"मी प्यायले. पोटात चार महिन्यांचं होतं, हे तुला मी सांगितलं होतं, तुझे पाय धरून सांगितलं होतं. तीन दिवस ओकले. ते गेलं. तेव्हा तू म्हणालीस, नवरा आपलं मूल घेऊन गेला, म्हणजे बाई निर्दोष! आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांदेखत वाजवल्या."

अदा म्बाफोंनी खाली पाहिले नाही. ज्यांना लाज वाटायला हवी असते त्यांना ती वेळेवर कधी वाटते? त्यांनी बाटली उचलली आणि इहुओमापुढे धरली.

"म्हातारपणी माणूस बहकतं. तू पी."

इहुओमा अजून काट्यावरच होती. "मी पिणार नाही, अदा."

"मग मुलगी इथंच राहील."

"पिणार नाही, आणि मुलगीही राहणार नाही. माझा नवरा मी मारला नाही. हे मी तुम्हाला एकदा सांगितलं, तेवढं पुरे होतं. तुमच्या कुणाचा नवरा उद्या मेला, तर तुमच्याही सासरी पांढरी लुगडी नेसून बायका बसतीलच. त्यांना तुम्ही किती किलो दाखवणार आहात, ते आजच ठरवून ठेवा."

एवढे बोलून ती फळीवरून उतरली. बाटली तिने घेतलीही नाही, फेकलीही नाही. ती काट्याशी वाकली. पाय रोवले, पाठ ताठ केली, लोखंडाच्या बुडाशी हात घातले आणि जो काटा दोन गड्यांनी कण्हत आणला होता तो उचलून खांद्यावर घेतला. दांडी खणखणली. माहेरवाशिणींचे पहिले बाक रिकामे झाले. महिनाभर त्यांनी त्या देहाला जमिनीवर बसवले होते, भादरले होते, त्या त्याच्यावर हसल्या होत्या. तो उठून उभा राहील, हे एकीच्याही मनात आले नव्हते.

तिने कुणाला हात लावला नाही. उझोमासमोर उभी राहून एवढेच म्हणाली, "सोड."

उझोमाने उगोचा हात सोडला.

फाटकातून बाहेर पडताना मागे चपलांचा आवाज आला. सासू येत होती. तिच्या हातात एक गाठोडे होते आणि वाटेत तिने एकदाही मागे पाहिले नाही.

स्पर्धेच्या गावी वजनाच्या खोलीबाहेर बाया रांगेत उभ्या होत्या. बाकीच्या गटांतल्या मुली घाम गाळून वजन उतरवत होत्या. इहुओमा बाकावर बसून सासूने बांधून दिलेला कंद आणि मासा घशाखाली ढकलत होती. बारा दिवसांत तिने अंगावर काही चढवायचा प्रयत्न केला होता, पण सराव सुरू होताच शरीराने होते तेही जाळले. काट्यावर आकडा थांबला तेव्हा तो सत्त्याऐंशीच्या जेमतेम वर होता. कोच एबिएरेने भिंतीला टेकून डोळे मिटले.

गटात ती सर्वांत हलकी होती, आणि डोक्यावर दाढीच्या खुंटांसारखे केस उगवलेली ती एकटीच. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, तिचे दोन प्रयत्न फसले. बार डोक्यावर जायचा आणि खांदा ऐनवेळी हार मानायचा. महिनाभर चटईवर बसलेल्या खांद्याकडून आणखी कसली अपेक्षा करायची? तिसऱ्यात तिने आपल्या नेहमीच्या वजनाहून कितीतरी कमी वजन उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, एक प्रयत्न यशस्वी झाला. बार वर स्थिर झाला, पंचांचे तीन पांढरे दिवे लागले, आणि तिने तो खाली सोडण्याआधी नियमाहून थोडा अधिक वेळ वर धरून ठेवला. आठ जणींत ती सातवी आली. सरावात उचललेले नेहमीचे वजन तिने त्या दिवशी उचलले असते, तर ती तिसरी आली असती.

एका वार्ताहराने तिला गाठले. "तुमच्याकडून पदकाची अपेक्षा होती. काय झालं?"

"नवरा वारला. मी त्याला मारलं नाही हे सिद्ध करायला मला महिनाभर जमिनीवर उपाशी बसवलं. प्रेत धुतलेलं पाणी प्यायला सांगितलं. हे लिहा."

त्याने लिहून घेतल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी छापून आले: वैयक्तिक कारणांमुळे कामगिरी खालावली.

इहुओमा परतली. तिने शेजारच्या गावच्या बाजारात दुकान मांडले. ओक्वुदिलीचा काटा दारात ठेवला. सासू बिया फोडायची, उगो पोत्यावर बसून पाय हलवायची, आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत इहुओमा सकाळ-संध्याकाळ बार उचलायची.

पाऊस संपता संपता एका दुपारी उझोमा आली. सोबत आणखी दोन माहेरवाशिणी होत्या, पांढऱ्या लुगड्यांत. उझोमा इकडेतिकडे बघत म्हणाली, "वहिनी, काटा हवा होता. एका दिवसापुरता."

"कशाला?"

"आपल्याच घराण्यातला, पलीकडच्या आळीतला चिकेझी वारला. मोटारसायकलवरून पडला. त्याची बायको बसली आहे. उद्या सातवा बाजार." ती अडखळली. "आता तोलायची रीतच पडली आहे ना. लोक विचारतात, काटा कुठं आहे म्हणून."

इहुओमाच्या हातांना सरावाची पांढरी पूड लागलेली होती. तिने ती पुसली नाही. एका मोसमात, फक्त एका मोसमात, त्या अंगणातल्या दुष्टाव्याची रीत झाली होती. कुणी ठरवली नव्हती, कुणी विरोध केला नव्हता, आणि आता ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखी काटा मागायला दारात उभी होती.

"किती वर्षांची आहे ती?"

"एकोणीस."

"मोटारसायकलवरून पडला. आणि तिला तोलायचं."

उझोमाची नजर दारातल्या काट्याकडे गेली.

"काटा मिळणार नाही," इहुओमा म्हणाली. मग तिने आत हाक मारली, "आई, कालचं कालवण आहे ना? मासा घाला त्यात. मोठं भांडं घ्या."

सासू भांडे घेऊन बाहेर आली, जणू तयारच होती. दोघी पुढे निघाल्या. तिन्ही माहेरवाशिणी काय करावे हे न सुचून मागोमाग चालू लागल्या.

चिकेझीच्या अंगणात बाके मांडलेली होती. इहुओमा कुणाला न विचारता मागच्या खोलीत शिरली. चटईवर एक मुलगी बसली होती. डोके भादरलेले, गुडघे लुगड्यातून टोकदार दिसत होते. खिडकीच्या कट्ट्यावर बाटली होती. मुलीने नवी शिक्षा बघावी तसे वर पाहिले आणि सवयीने काडी हातात घेतली.

सासूने भांडे खाली ठेवले. इहुओमाने मुलीच्या हातातून काडी काढून घेतली, तिच्या काखांत हात घातले आणि तिला उभे केले. मुलीच्या अंगात काही उरलेच नव्हते. त्या वर्षी इहुओमाने जे जे उचलले त्यात इतके हलके काही नव्हते.

तिला कवेत धरून ती दाराकडे वळली. उंबऱ्यात माहेरवाशिणी उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे अदा म्बाफो होत्या, त्यांच्या खांद्याआड उझोमा.

"सरका," इहुओमा म्हणाली.